पांढरं जेवण

ताटली भिंतीवर आपटली आणि फुटली नाही, याचाच त्याला जास्त राग आला. प्लास्टिकची होती, कडेने बदकं काढलेली, पोरीची. त्याच्या पोटाची भानगड वाढली तसतशा घरातल्या चांगल्या ताटल्या बायकोने एक अक्षर न बोलता वरच्या फळीवर चढवल्या होत्या, आणि हे त्याच्या ध्यानात यायला आजची सकाळ उजाडावी लागली. उकडून कुस्करलेला बटाटा भिंतीला थापला गेला, थोडा वेळ तसाच राहिला आणि मग त्यातला अर्धा घसरत खाली आला. पोरगी दप्तर लावून दारात उभी होती. तिने ताटलीकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं नाही, बापाच्या हाताकडे पाहिलं. अशा वेळी मुलं कुठे बघतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी तोही तिथेच बघायचा.

"काय घातलंस यात?" त्याने बायकोला विचारलं. पहाटेपासून तो संडासात बसून होता, पायांना मुंग्या येईपर्यंत, आणि अजूनही ओला टॉवेल पिळावा तसं कुणीतरी त्याचं आतडं पिळत होतं. "मीठ," बायको म्हणाली. "बटाटा मी उकडते, आई कुस्करतात, त्यात मीठ. दुसरं काही नाही." "खोटं बोलू नकोस." यावर तिने पोरीला बाहेर जिन्यात थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज ताटली मारलीस. ताटलीनंतर माणसाचा नंबर लागतो, हे तुझ्या घरातलं तूच मला सांगितलंयस. तो दिवस आला की पोरीला घेऊन मी बहिणीकडे जाईन आणि परत यायची नाही. चिडून बोलत नाहीये मी. नीट ऐकून ठेव." मग ती पर्स उचलून गेली, कारण शिवणाच्या कारखान्यात उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करत. आई इतका वेळ ओट्याशी उभी होती. तिने फडकं ओलं केलं आणि भिंत पुसायला घेतली, जशी ती आयुष्यभर भिंती पुसत आली होती. "डबा भरलाय," ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "बटाटाच आहे. निदान तेवढा खा. पाठ-पोट एक झालंय तुझं."

तो टॉवर क्रेन चालवायचा. आता हे काम ऐकायला मोठं रुबाबदार वाटतं, सगळ्या शहराच्या डोक्यावर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, पोराटोरांनी खालून बोट दाखवायचं. पण ज्याचं पोट ताब्यात नाही त्याच्यासाठी यासारखी शिक्षा नाही. तिथे संडास नाही. खाली यायचं तर खांबाच्या आतल्या शिडीने एकेक पायरी उतरायचं, पोट आवळून, दात आवळून, आणि तोवर सगळं काम ठप्प. काँक्रीटवाले हात कमरेवर ठेवून वर बघतात, सळ्यावाले बिड्या पेटवतात, आणि उतरणारा माणूस कशासाठी उतरतोय हे लपवता येत नाही. मागच्या खेपेला साईटच्या साहेबाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजारी माणसाला वर ठेवणं त्याला परवडणारं नाही. साहेब गोड बोलला होता. गोड बोलणाऱ्याच्या कानाखाली काढावी असं त्याला हल्ली फार वाटायचं, आणि असं वाटलं की तो दोन्ही हात खिशात घालायचा.

हातांची त्याला भीती वाटायची. बापाचे हात होते ते, मनगटापासून पुढे तेच, तीच बोथट नखं, तोच वाकडा अंगठा. बाप गोदामात मुकादम होता आणि त्याची एक रीत होती. घरी आला की तो आधी मोरीवर जाऊन हात धुवायचा, सावकाश, साबण लावून. मग टॉवेलने एकेक बोट कोरडं करायचा. आणि मग मारायचा. ओल्या हाताने मारलं तर आवाज नीट येत नाही असं त्याचं म्हणणं असावं, किंवा जेवणाआधी हात धुवायचेच असतात तर एकदाच धुवावेत, कोण जाणे. कारण काहीही चालायचं. ताटात शीत राहिलं, दार जोरात लागलं, कुणी हसलं, कुणी हसलं नाही. नळाची धार सुरू झाली की पोटात गोळा यायचा, धार बंद झाली की तो गोळा फिरायला लागायचा, आणि टॉवेलची पाळी येईपर्यंत पोराच्या पोटाचं पाणी झालेलं असायचं. तेवढ्यात संडासकडे पळालं तर बाप दाराशी उभा राहून वाट बघायचा. "नाटकं," एवढंच म्हणायचा. मारताना आई भिंतीशी उभी असायची, डोळे मिटून. कधी ब्र काढला नाही तिने. सगळं झाल्यावर, बाप जेवून घोरायला लागल्यावर, ती पेलाभर कोमट दूध आणायची, साखर घालून, आणि पाठीवरून हात फिरवत पाजायची, आणि मग रात्रभर त्याचं पोट दुखायचं. त्या दुखण्यात दूध किती आणि मार किती हे पोराला कसं कळावं? त्याला वाटायचं, मार पोटात उतरतो.

वर केबिनमध्ये पोचेपर्यंत आज त्याला घाम फुटला होता. भूकही लागली होती, कारण सकाळचं जेवण भिंतीने खाल्लं होतं. त्याने डबा उघडला. पांढरा बटाटा, पांढरा भात, उकडलेल्या अंड्याचं पांढरं. आहारवालीने सांगितलेलं जेवण. आहारवाली म्हणजे इस्पितळातली एक तरुण बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली, तिने त्याचे सगळे रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, की तुमच्या आतड्याला जखम नाही, गाठ नाही, ते फक्त चिडकं आहे. चिडकं. घरात एक चिडका पुरे नव्हता म्हणून आतडंही चिडकं निघालं. तिने आधी सगळं बंद केलं, गहू, दूध, कांदा, लसूण, सफरचंद, शेंगा, सगळं. आणि पोट निवल्यावर एकेक पदार्थ परत आणायला सांगितला, एका वेळी एकच, मध्ये पोटाला उसंत देऊन. "दोन एकदम आणलेत तर चोर कोण आणि साव कोण ते कळणार नाही," ती म्हणाली होती. हे त्याला आवडलं. त्याने एकेकाला बोलावून उभं केलं, पोलिसाने करावी तशी चौकशी केली. गहू सुटला. लसूण सुटली. कांदा थोडा अडखळला. आणि दूध आलं त्या दुपारी तो असा आडवा झाला, की बायकोने रिक्षा बोलावली.

पण किती आनंद झाला होता त्याला. कळ सोसता सोसता तो हसला होता आणि बायको घाबरली होती. दूध! म्हणजे बाप नव्हता पोटात बसलेला, मार उतरला नव्हता पोटात, पेलाभर दूध होतं ते, साखर घातलेलं, आणि दूध बंद करता येतं. घरातलं दूध वेगळ्या भांड्यात गेलं, पोरीचं तेवढं. पुढचे काही आठवडे तो माणसात आला होता. पोरीला खांद्यावर घेऊन फिरला, बायकोशी थट्टा केली, आईच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं. आणि मग गेल्या काही दिवसांत सगळं परत सुरू झालं, दुधाचा थेंब नसताना. हेच त्याला सहन होत नव्हतं. चोर पकडला होता, कोठडीत होता, आणि तरीही घरात चोरी होत होती. म्हणजे चोर दुसराच होता. म्हणजे तो तेव्हाचा आनंद खोटा, आणि बाप आत होताच, मेला तरी मेला नव्हता, आतड्याच्या वेटोळ्यात हात धुऊन बसला होता, आणि आता हळूहळू बाहेर यायला लागला होता, ताटलीपासून सुरुवात करून. त्याने डबा संपवला. बटाटा मऊ होता, थोडा गोडसर. बटाटे कधी कधी लागतात गोड, त्याने मनाशी म्हटलं.

सळ्यांचा गठ्ठा उचलून इमारतीच्या पलीकडच्या अंगाला न्यायचा होता. तिकडचं त्याला काही दिसत नसे. अशा वेळी क्रेनवाल्याने डोळे मिटल्यात जमा धरायचे आणि खालच्या सिग्नलवाल्याच्या आवाजावर हात हलवायचा, वॉकीटॉकीवर तो जे म्हणेल ते, तेवढंच. दुसऱ्या कुणाचा हुकूम घ्यायचा नाही. त्याला एकच अपवाद. 'थांब' कुणीही म्हणू शकतं. साहेबाने म्हणावं, विटा वाहणाऱ्या बाईने म्हणावं, रस्त्यावरच्या माणसाने ओरडून म्हणावं, हात जागच्या जागी थांबला पाहिजे, का म्हणून विचारायचं नाही. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ऑपरेटरने त्याच्या मनगटावर पट्टी मारून मारून हे पक्कं केलं होतं. आयुष्यात खाल्लेला तेवढाच मार त्याला उपयोगी पडला होता.

सिग्नलवाल्याला सगळे पिपाणी म्हणायचे, कारण गळ्यात शिट्टी आणि आवाज तिच्याहून बारीक. वाईट नव्हता, पण गप्प बसणं त्याच्या नशिबी नव्हतं. "उचल, उचल, सावकाश," पिपाणी सांगत होता, आणि गठ्ठा वर येत असतानाच पहिली कळ आली. बेंबीखालून सुरू होऊन डाव्या बाजूला गेली आणि तिथे तिने मूठ वळली. तो पुढे वाकला. हात क्रेनच्या दांड्यावरच होता. "मालक, आज पोट कसंय?" पिपाणीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "नाही, खाली पैज लागलीय म्हणून विचारतो. तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधी उतरणार की नंतर?" वॉकीटॉकीतून हशा आला, तिघाचौघांचा. नाटकं, कुणीतरी म्हणालं. की नाही म्हणालं? त्याला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. पण त्याला ते ऐकू आलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

गठ्ठा इमारतीच्या कोपऱ्यावरून पलीकडे जाण्याआधी क्षणभर सगळं समोर दिसायचं. पिपाणी दिसत होता. पिवळं शिरस्त्राण, मान मागे टाकून हसणारा, पाठ वळवून कुणाशी तरी बोलणारा. गठ्ठा त्याच्यापासून फार लांब नव्हता. वर केबिनमध्ये त्याच्या मनात काही आलं असं म्हणता येणार नाही. मनाला तेवढी सवडच नव्हती. पोटात दुसरी कळ फुटली आणि हात डावीकडे गेला. हाताने स्वतःच ठरवलं. लोखंड सरकायला लागलं, सगळा भार घेऊन, शांतपणे, आणि तो बघत होता की ते कुठे चाललंय, आणि त्याला बरं वाटत होतं. हे त्याला नंतर आठवलं तेव्हा ओकारी आली, की त्याला बरं वाटत होतं, पोटातली मूठ सैल झाली होती. पिवळं शिरस्त्राण मोठं होत गेलं. एका घावात कवटी, मान, खांदा, ते सगळं त्याला आधीच दिसलं, लाल, आणि दांडा अजून त्याच्या हातात होता.

"थांब."

बाईचा आवाज होता. विटावाल्यांपैकी कुणीतरी वॉकीटॉकी हिसकावून घेतली असावी. हात थांबला. त्याला काही कळायच्या आत मनगट वळलं आणि दांडा मध्यावर आला. गठ्ठा झोका घेऊन इमारतीला बांधलेल्या बांबूच्या पहाडाला घासला, दोन बांबू काडकन मोडले, एक खाली पडला, आणि पिपाणी जमिनीवर बसला. बसूनच राहिला. "वारा," त्याने वॉकीटॉकीत सांगितलं. "वारा आला एकदम." त्याने गठ्ठा अलगद उतरवला, जागेवर, लेकराला निजवावं तसा, आणि मग शिडीने खाली आला, आणि या वेळी त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. पिपाणी पाणी पीत होता, अर्धं छातीवर सांडत. त्याने मान वर करून एवढंच विचारलं, "वारा कुठे होता हो?" साहेब आज गोड बोलला नाही. घरी जा म्हणाला, निरोप येईपर्यंत येऊ नका.

रस्त्याने तो भिंतीच्या कडेकडेने चालला. दुकानं उघडी होती, माणसं आपापल्या कामात होती, एका खिडकीत कुणीतरी चादर झटकत होतं. प्रत्येकाचं डोकं त्याला दिसत होतं, केसाखालचं हाड दिसत होतं, किती पातळ असतं ते. बायको म्हणाली होती ताटलीनंतर माणसाचा नंबर, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत नंबर लागला होता. आता घरात कोण उरलं? पोरगी. बायको. त्याने खिशातले हात आणखी खोल घातले. हे तिला सांगायचं कसं, आणि नाही सांगायचं तर रात्री तिच्याशेजारी झोपायचं कसं, याचा विचार करत तो जिना चढला. चावी त्याच्याजवळ होती. आई एकटीच घरी असणार होती.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तिला दाराचा आवाज आला नाही. पातेल्यात बटाटे होते, रात्रीच्या जेवणाचे. कुस्करताना तिचा सगळा देह हलत होता. मग ती थांबली, डब्यांच्या मागून तिने एक पत्र्याचा डबा काढला, पोरीच्या दूध पावडरचा, चमच्याने पावडर काढली, एक, आणि थोडं थांबून आणखी एक, बटाट्यावर टाकली आणि मिसळायला लागली. पांढऱ्यात पांढरं. दिसेनासं झालं.

तो ओट्यापाशी गेला. त्याने नळ सोडला आणि हात धुवायला लागला. का, ते त्याला माहीत नव्हतं. हातांना क्रेनचं ग्रीस होतं, कामावरून आलं की धुतोच माणूस. पाणी वाजलं आणि आईचे खांदे कानांपर्यंत चढले. तिने वळून पाहिलं नाही. चमचा हातात तसाच राहिला. त्याने साबण लावला, सावकाश, टॉवेल घेतला, अंगठा पुसला, मग पहिलं बोट, आणि तिसऱ्या बोटाशी आल्यावर त्याला दिसलं की आपण काय करतोय, पण तोवर फार उशीर झाला होता. "काय आहे हे?" "आलास? इतक्या लवकर?" "काय घालतेस त्यात?" "दूध नाही रे ते," आई म्हणाली. "दूध तुला सोसत नाही, मला काय कळत नाही का? म्हणून तर पावडर घातली. ताकदीची असते. नुसता बटाटा खाऊन खाऊन काय झालंय तुझं, आरशात बघ जरा. मला बघवत नाही."

म्हणजे चोर तोच होता. जुनाच, कोठडीतला, म्हातारीने मागच्या दाराने रोज आत सोडलेला. त्याला हसू यायला हवं होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, कारण बाप नव्हता पोटात, दूधच होतं. पण त्याला पिवळं शिरस्त्राण दिसलं, भिंतीवरून घसरणारा बटाटा दिसला, पोरीचे डोळे दिसले, आणि हे सगळं दोन चमचे पावडरीपायी, मायेपायी, ज्या मायेने तेव्हाही मार संपायची वाट बघितली आणि मग पेला आणला. त्या पेल्यापेक्षा एक शब्द आणला असतास तर. त्याने पातेलं ओट्यावरून ढकललं, ते खाली जाऊन आदळलं, आणि त्याचा कोरडा हात वर गेला, पुरा उघडा, बापाचा. आईने डोळे मिटले. सरावाने, चेहरा किंचित डावीकडे वळवून, दणका गालाच्या मांसल भागावर बसावा म्हणून. एवढं तिला येत होतं. तो चेहरा त्याने भिंतीशी कितीदा पाहिला होता, आणि या बाजूने कधीच पाहिला नव्हता.

मग तिने डोळे उघडले. "थांब," ती म्हणाली.

ओरडली नाही. विनवणी केली नाही. हात थांबला, हवेतच, मनगटावर पट्टी बसल्यासारखा, आणि तो हाताकडे बघत राहिला. नळ चालूच होता. "तेव्हा का नाही म्हणालीस?" त्याने विचारलं. "इतकी वर्षं होता ना तुझ्याजवळ हा शब्द? मी बघायचो तुझ्याकडे. दर वेळी बघायचो."

आईने खाली पडलेल्या पातेल्याकडे पाहिलं, वाकावं की नको असं तिला झालं, आणि ती वाकली नाही. "म्हणाले होते," ती म्हणाली. "एकदा. असाच हात वर होता त्यांचा. थांबा म्हणाले, तर हात राहू दिला आणि लाथ घातली. पोटात. तू पोटात होतास." तिने चमचा ओट्यावर ठेवला. "मग परत नाही म्हणाले. भीती बसली. तुला काही झालं असतं तर."

त्याने हात खाली घेतला. वेळ लागला त्याला; खांद्यापासून सगळा हात आखडला होता. मग त्याने नळ बंद केला आणि खुर्चीवर बसला. पोटात कळ फिरत होती, डब्यातल्या दुधाची, सकाळपासूनची, आणि ती आता नुसती कळ होती, ती ओसरेपर्यंत सोसायची एवढंच. "तू त्यांच्यासारखा नाहीस," आई म्हणाली. "आहे," तो म्हणाला, "आज एक माणूस मारणार होतो मी." ती गुडघा धरून हळूहळू खाली बसली आणि फरशीवरचा बटाटा गोळा करायला लागली, आणि त्याने तिला उठवलं, फडकं तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः पुसलं. भिंतीवर उरलेला सकाळचा डागही वाळला होता. तोही त्याने पुसला.

"मग आता काय करून घालू तुला?" आईने विचारलं. "भात टाक. नुसता." "मीठ चालतं ना?" "मीठ चालतं." तिने तांदूळ धुतले. पाणी वाजलं तेव्हा दोघांनीही मान वर केली, आणि तिने धार बारीक केली. तो परत खुर्चीवर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली घालून, लहानपणी बसायचा तसा. बायको यायला अजून अवकाश होता. आली की तिला दुधाचं सांगायचं होतं, आणि मग हाताचंही.